मदत हवी आहे: पोलिश कॅरोलमधलं शेवटचं ‘ę’ गाताना नाकात घ्यायचं का?

लीड्समधल्या २२ जणांच्या चेंबर क्वायरमध्ये (छोट्या गायनवृंदात) मी आल्टो, म्हणजे बायकांचा खालचा सूर, गाते. यंदाचा ख्रिसमसचा कार्यक्रम पोलिश आणि बाल्टिक संगीताचा आहे. एस्टोनियाच्या संगीतकार आर्वो पॅर्टचं ‘बोगोरोदित्से द्येवो’ चर्च स्लाव्होनिक भाषेत आहे, ते जमलंय. अडलंय ‘बुग श्ये रोजी’ (Bóg się rodzi) या पोलिश कॅरोलवर, म्हणजे ख्रिसमसच्या गाण्यावर. शब्द पोलिश कवी कार्पिन्स्कीचे, १७९२चे, चाल पोलोनेझ या पोलिश नृत्याची.

बाकी उच्चार मराठीमुळे उलट सोपे गेले. गाण्यातल्या ‘moc’ शब्दातला c म्हणजे आपल्या ‘चमचा’तला च, इंग्रज मंडळी तिथे सरळ ‘क’ म्हणत होती! Bóg पुढच्या श मुळे ‘बुक’सारखा ऐकू येतो, तेही कळलं.

प्रश्न फक्त ‘się’चा. बोलताना शेवटचा ę (एरवी नाकातला ‘एं’) जवळजवळ साधा ‘ए’ होतो. पण गाताना? दोन ध्वनिमुद्रणं ऐकली: एकात स्वच्छ ‘शे’, दुसऱ्यात ‘शें’. ऑफिसातला पोलिश सहकारी म्हणतो, “बोलतो तसंच म्हणा,” पण तो बाथरूममध्येही गात नाही. आमच्या संचालकांना पोलिश येत नाही, साथीला वाद्य नाही, त्यामुळे अर्ध्यांनी एक आणि अर्ध्यांनी दुसरं म्हटलं की लगेच कानाला टोचतं. तालमी दोनच उरल्यात.

पोलंडमध्ये राहिलेलं किंवा तिथल्या क्वायरमध्ये गायलेलं कुणी आहे का? तिथे ‘शे’ गातात की ‘शें’?