मदत हवी आहे : यामाहा आरएक्स १०० (टू-स्ट्रोक मोटरसायकल) ला कोन फिल्टर बसवल्यावर मेन जेट कितीचा घालावा?

पंचगंगा : आरएक्स १०० चा फिल्टरचा मूळ डबा काढून मी कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर) बसवला असून, तेव्हापासून चौथ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल दिला की गाडी दमते आणि थ्रॉटल किंचित मागे घेतला की पुन्हा ओढू लागते. रविवारी लांब जायचे आहे. मेन जेट (पूर्ण थ्रॉटलला पेट्रोल सोडणारी कार्बोरेटरमधली भोकाची पितळी पुळी) कितीचा घालावा, एवढेच कृपया सांगावे.

घाटवाट : सध्याचा जेट, नीडलची (मधल्या थ्रॉटलला पेट्रोल ठरवणाऱ्या सुईची) क्लिप, प्लगचा रंग आणि सायलेन्सर यांविषयी काहीच कळले नाही, तेव्हा आकडा कसा सांगणार? लक्षण मात्र मिश्रण लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) झाल्याचे आहे. डब्याचा अडथळा गेल्यामुळे जेटवरची ओढ कमी होते आणि पेट्रोल कमी येते. जेट बदलेपर्यंत पूर्ण थ्रॉटलवर चालवू नका; टू-स्ट्रोकचा पिस्टन अशा वेळी तापून जाम होतो.

मूळ_डबा : माझा आग्रह असा, की तो डबाच परत बसवावा. कोन फिल्टरने आवाज वाढतो आणि पावसात पाणी शिरण्याची भीती राहते. माझी १९९२ ची गाडी आजही मूळ डब्यावर उत्तम चालते.

घाटवाट : डबा ठेवावा की नाही, हे त्यांनी विचारलेलेच नाही.

तेलमात्रा : ऑइल पंप (इंजिनला तेल आपोआप पुरवणारा) काढून तेल थेट पेट्रोलमध्ये मिसळावे आणि मात्रा थोडी वाढवावी, म्हणजे पिस्टन सुरक्षित राहील.

कोकणवारा : तेल वाढवले की जेटमधून तेवढेच पेट्रोल कमी जाते, म्हणजे मिश्रण आणखी लीन होते. हा उपाय इथे उलटाच पडेल.

पंचगंगा : मेन जेट मूळचाच आहे, क्लिप मधल्या खाचेत आहे आणि प्लग पांढरट दिसतो. सायलेन्सरही एक्स्पान्शन चेंबरचा (ताकद वाढवणारा, मध्ये फुगीर) आहे. मेकॅनिक जेटलाच बारीक ड्रिल मारू म्हणतात. कोल्हापूरहून रत्नागिरीला जायचे आहे.

कोकणवारा : मग रत्नागिरीचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण कोल्हापूर सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे आणि समुद्रकाठी हवा दाट असल्यामुळे इथे जेमतेम बरोबर लावलेला जेट तिथे लीन पडेल. ड्रिल अजिबात मारू देऊ नका. भोक किती मोठे झाले हे कुणालाच कळत नाही आणि मागे फिरता येत नाही.

घाटवाट : आधी कार्बोरेटर आणि सिलिंडर यांमधल्या रबराला तडा नाही ना, ते पाहा, कारण तिथून गाडी एअर घेत असेल तर जेट बदलून उपयोग नाही. मग मुद्दाम बराच मोठा जेट घालून वरच्या रेसला गाडी घोगरी होऊन अडखळते का (म्हणजे पेट्रोल जास्त झाले का) ते बघा आणि तिथून एकेक माप खाली या. प्रत्येक वेळी पूर्ण थ्रॉटलवर असतानाच इंजिन बंद करून क्लच दाबा आणि प्लग काढून पाहा. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीच्या तळाशी तपकिरी कडे दिसेल तो जेट ठेवा. रत्नागिरीसाठी त्याहून एक माप मोठा घाला. अर्ध्या थ्रॉटलला तक्रार उरली तरच क्लिप एक खाच खाली घ्या.