हंटिंग्टनसाठी डीबीएस (मेंदूत तारा बसवून करंट देण्याचं ऑपरेशन) कोणी करून घेतलंय का?

रानजाई:
नमस्कार. माझे मिस्टर ४६ वर्षांचे, हंटिंग्टन आहे, मेंदूचा आनुवंशिक आजार. जनुक चाचणीत सीएजी ४४ आले, म्हणजे जनुकातला सीएजी हा तुकडा ४४ वेळा, नेहमीपेक्षा जास्त. सासऱ्यांनाही हेच होतं. गावात लोक 'दारू पिऊन झुलतो' म्हणायचे, ते तर थेंबही घेत नसत. ह्यांचे हातपाय दिवसभर उडतात. पलंगाच्या कडेवर आपटून कोपरं सोलवटली, म्हणून गादी जमिनीवर टाकलीय. चहा उंच पेल्यात, तोही निम्माच. झोप लागली की मात्र सगळं थांबतं, तेव्हा मी नुसती बघत बसते. टेट्राबेनाझिनने हालचाली कमी झाल्या, पण इतके उदास झाले की डॉक्टरांनीच गोळी कमी केली. आता डीबीएसचा विचार करा म्हणतात. ह्यांना नक्की काय परत मिळेल?

धाकटा_भाऊ:
ताई, माझ्या दादाचं तीन वर्षांपूर्वी केलं. मेंदूत दोन्ही बाजूंना ग्लोबस पॅलिडसच्या (हालचाली सांभाळणारा भाग) आतल्या भागात तारा, छातीत कातडीखाली बॅटरी. खरी परीक्षा नंतरच्या प्रोग्रॅमिंगची, म्हणजे करंट किती ठेवायचा ते बसवण्याची, त्यात महिने गेले. करंट वाढवला की हात शांत, पण पाऊल उचलेना. उंबऱ्यापाशी खिळून उभा राहायचा. मग थोडा उतरवला. आज हात जरा हलतो, पण वरणभात स्वतः खातो. वजनही भरलं.

बोलणं मात्र अडखळतच गेलं. विसरणं, चिडणं तसंच. आजार थांबत नाही, फक्त हात-पाय उडणं कमी होतं. हे आम्हाला आधी कोणी नीट सांगितलं नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय.

फिजिओ_मावशी:
हालचाली उडणाऱ्या आहेत की अंग ताठ, मंद व्हायला लागलंय, हे आधी विचारा. ताठरपणा जास्त असेल तर याचा फारसा उपयोग नाही. तोल, गिळणं, स्मरणशक्ती आणि मनःस्थिती, सगळं ऑपरेशनआधी तपासून घ्या. उदासीचं तर लपवूच नका. आणि मुलं असतील तर हे जनुक येण्याची शक्यता प्रत्येकाला निम्मी; चाचणी करायची की नाही हे मोठं झाल्यावर त्यांचं त्यांना ठरवू द्या.

रानजाई:
मंगळवारची वेळ घेतलीय. उंबऱ्याचं वहीत लिहून ठेवलं. ह्यांना सगळं वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, 'विचार त्यांना, हाताने खातो की चमच्याने?'

धाकटा_भाऊ:
हाताने. भात जरा मऊ लागतो, घट्ट कालवून देतो.