नकल जॉइंट प्रेसवर पंच सारखे तुटताहेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

भोसरी एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. 250 टनी नकल जॉइंट प्रेसवर (कोपरासारख्या सांध्याने दाब देणारं मशीन) 16एमएनसीआर5 स्टीलचा एक कप बॅकवर्ड एक्स्ट्रुजनने काढतो, म्हणजे पंच दाबला की धातू त्याच्याभोवती उलट वर चढतो. स्लग (बारचा कापलेला तुकडा) 30 मिमी व्यासाचा, पंच 20 चा, कपाची खोली 22. पंच एम-2 हायस्पीड स्टीलचा, कडकपणा 61 एचआरसी. या महिन्यात चौथा पंच गेला. कधी 300 नगांवर जातो, कधी 900 वर. काल तुटलेला तुकडा गार्डवर इतक्या जोरात आदळला की जाळी वाकली. पलीकडे ऑपरेटर उभा होता. त्याला काही झालं नाही, पण मी तिथल्या तिथे मशीन बंद केलं. कारण कळेपर्यंत सुरू करणार नाही.

पंचाचं क्षेत्रफळ 314 चौ. मिमी. दर चौ. मिमीला 2000 न्यूटन दाब धरला तरी 64 टन होतात, म्हणजे मशीन पुरेसं आहे असं वाटतं. स्लग बारमधून शिअरवर (ब्लेडने कातरणारं मशीन) कापतो, मग अ‍ॅनिलिंग (भट्टीत तापवून मऊ करणं), मग घर्षण कमी करायला झिंक फॉस्फेट आणि साबणाचा थर. थर चांगला करडा बसतो. टूलवाले म्हणतात कार्बाइडचा पंच घ्या. तेवढा खर्च करण्याआधी तुम्हाला विचारावं म्हटलं.

प्रतिसाद

कार्बाइड आत्ता घेऊ नका. ते दाब सोसतं, वाकणं सोसत नाही, आणि माझा संशय वाकण्यावरच आहे. तुटलेलं तोंड उजेडात धरून बघा. सगळीकडे सारखं खरखरीत आहे की एका कडेला गुळगुळीत पट्टा दिसतो?

टनेजचंही सांगतो. नकल जॉइंटचे पूर्ण 250 टन शेवटच्या काही मिलिमीटरमध्येच मिळतात. तुमच्या मापात धातू पंचाभोवती वर चढतो, त्यामुळे 22 खोलीसाठी पंच साधारण 12 मिमीच आत जातो. म्हणजे दाब सुरू होतो तो बॉटम डेड सेंटरच्या (स्ट्रोकचा सर्वांत खालचा बिंदू) 12 मिमी वर. तिथे मशीन किती टन देतं ते मशीनच्या टनेज कर्व्हवर (कोणत्या उंचीला किती टन मिळतात त्याचा आलेख) बघून घ्या. अर्थात तिथे कमी पडलं तर फ्लायव्हील दमेल, पंच तुटणार नाही.

धागाकर्ता

चारही तुकडे पाहिले. प्रत्येकाच्या एका कडेला नखाएवढी चंद्रकोर आहे, गुळगुळीत, बाकी तोंड खरखरीत. तुटलेत सगळे मानेच्या रेडियसपाशी (पंचाचा व्यास बदलतो तिथली गोलाई).

प्रतिसाद

मग तो फटिग क्रॅक आहे, म्हणजे पुन्हापुन्हा ताण येऊन हळूहळू वाढलेली चीर. दर ठोक्याला पंच एकाच बाजूला वाकतोय. स्लगचं तोंड तिरकं असेल तर असं होतं. स्लग सरफेस प्लेटवर उभा करून राइटअँगल लावा आणि तोंड किती तिरकं आहे ते मोजा.

धागाकर्ता

दहा मोजले. सात स्लगची तोंडं 0.4 ते 0.6 मिमी तिरकी निघाली, शिअरच्या बाजूला बरही (कापताना राहिलेली धारदार कड) आहे. शिअरचं ब्लेड शेवटचं कधी धार केलं ते आठवत नाही. चूक माझी आहे. आता बँडसॉ घेऊ की स्लग आधी दाबून सपाट करू? आणि दाबला तर पुन्हा फॉस्फेट लागेल का?

प्रतिसाद

सॉने तोंड सरळ येतं, पण दर कापाला मटेरियल चुरा होऊन जातं. 16एमएनसीआर5 मध्ये ते परवडत नाही. ब्लेडला धार करा, ब्लेडमधला क्लिअरन्स (फट) तपासा, आणि स्लग बंद डायमध्ये एकदा दाबून दोन्ही तोंडं सपाट करा. हे अ‍ॅनिलिंगच्या आधीच उरकलं की दाबल्याने आलेला कडकपणा भट्टीत निघून जातो आणि फॉस्फेट एकदाच शेवटी करायचं. उलट क्रमाने केलंत तर दाबताना उघडं पडलेलं स्टील थराविना पंचाला भिडेल आणि चिकटेल.

पंचही बघा. मानेचा रेडियस मोठा करा आणि पॉलिश उभ्या दिशेनेच द्या. ग्राइंडिंगच्या आडव्या ओरखड्यातूनच क्रॅक सुरू होतो. टोकाला 2-3 मिमीचा लँड (पूर्ण व्यासाचा पट्टा) ठेवून मागे थोडा रिलीफ द्या, म्हणजे व्यास किंचित कमी करा. आणि पहिल्या शंभर नगांना ऑपरेटरला जाळीसमोर उभं करू नका, बाजूला थांबवा.