ऊती म्हणजे पेशींचा 'समूह' की 'वीण'?

मुलीचं सायन्स घेताना अडकलो. "समान रचना आणि समान काम असलेल्या पेशींचा समूह म्हणजे ऊती" हे तिला पाठ आहे, पण ऊती म्हणजे काय विचारलं तर गप्प, आणि मीपण गप्प. पेशी निदान "तापात पेशी कमी झाल्या" असं तरी कानावर येतं, ऊती कोण म्हणतं? शब्द आला कुठून?

— संस्कृतात 'वे' म्हणजे विणणे, त्यावरून ऊत म्हणजे विणलेलं. ओतप्रोत मधला 'ओत' म्हणजे आ + उत, तोच हा. गंमत म्हणजे ऊतीचा इंग्रजी शब्द टिश्यू पण मूळ फ्रेंच, विणलेलं कापड या अर्थाचा. बिशा नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८०१ मध्ये शरीरातल्या २१ ऊती सांगितल्या, त्यासुद्धा मायक्रोस्कोप न वापरता, आणि पेशी सिद्धांत (सगळे सजीव पेशींचेच बनलेले) आला १८३८-३९ ला, म्हणजे ऊती आधीची, पेशींचा समूह ही व्याख्या मागाहून चिकटवलेली.

— मला तो 'समूह'च खटकतो. समूह काय, बसस्टॉपवर पण असतो. १९०७ मध्ये विल्सन नावाच्या शास्त्रज्ञाने जिवंत स्पंज (पाण्यातला एक साधा प्राणी) बारीक रेशमी कापडातून पिळून काढला, पेशी सुट्या सुट्या झाल्या, आणि त्या सरकत सरकत परत एकमेकींना चिकटून नवे स्पंज तयार झाले! आपल्या पेशी धरून ठेवणाऱ्या प्रोटीनला कॅडहेरिन म्हणतात, त्याला कॅल्शियम लागतं, ते काढून घेतलं की पकड सुटते. ही वीणच झाली की.

— मग रक्त? तेपण संयोजी (जोडणारी) ऊतीच ना, त्यात कुठली वीण?

— हो, तिथे उसवलं :) तिथे पेशी प्लाझ्मात, म्हणजे रक्तातल्या पातळ द्रवात, मोकळ्या फिरतात. पण एका शब्दाने सगळं पेलावं ही अपेक्षाच जास्त आहे.

— जाता जाता, हिंदी व्हिडिओ लावून शिकवत असाल तर जपून. तिकडे सेल (आपली पेशी) म्हणजे कोशिका, टिश्यू म्हणजे ऊतक, आणि मांसपेशी म्हणजे आपला स्नायू. सुश्रुताने ५०० पेशी सांगितल्यात त्यापण मांसाच्या, सेल नव्हेत, माझ्या भाच्याने ते वाचून "फक्त पाचशेच?" म्हणून वाद घातला होता.

— आणि ऊ दीर्घच बरं का, 'उती' नाही. एक ऊती, चार ऊती, अनेकवचनात बदलत नाही.

— धन्यवाद, मुलीला ओतप्रोतवरून लगेच कळलं. परीक्षेत मात्र समूहच लिही म्हटलं, मार्क कोण सोडणार.