ल्यूटच्या तारा वेगळ्या लावल्या म्हणून संगीत बदललं का?

मंद्रसप्तक: १६०० ते १६४० मधलं फ्रेंच ल्यूटवादन (ल्यूट म्हणजे गिटारसारखं छेडून वाजवायचं जुनं युरोपीय तंतुवाद्य) म्हटलं की लोक ‘संक्रमणकाळ’ म्हणतात आणि पुढे सरकतात. मला ते पटत नाही. त्या चाळीस वर्षांत वाद्याची जुळवणीच बदलली, आणि माझ्या मते शैली बदलली ती त्यामुळेच. जुन्या जुळवणीत शेजारच्या तारांमध्ये सा-म चं अंतर, फक्त मधे एकदा सा-ग चं. पुढे रुळलेल्या जुळवणीत उघड्या तारा छेडल्या की थेट डी मायनर कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा स्वरांचा गुच्छ! डाव्या हाताची धावपळ कमी झाली, तारा घुमत राहिल्या, स्वर एकदम न पडता एकामागून एक झिरपायला लागले. पियेर बालारने १६३१ मध्ये छापलेल्या संग्रहाच्या नावातच ‘नव्या जुळवण्या’ आहेत.

खुंटीपिळ्या: आधी कळस मग पाया. रोबेर बालारची (ल्यूटवादक, पियेरचाच भाऊ) पुस्तकं १६११ आणि १६१४ ची, जुळवणी जुनीच. तरी त्यातल्या नाचांच्या सजवलेल्या आवर्तनांत मोडून वाजवलेले कॉर्ड सापडतात. आणि तुमच्या १६३१ च्या संग्रहात जुळवणी एक नाही, अनेक आहेत. माणसं काहीतरी शोधत होती म्हणूनच खुंट्या पिळत होती ना?

मंद्रसप्तक: अर्धं मान्य. पण त्या काळातला ल्यूटवादक मेझांजो, त्याची एखादी आल्मांद (एक नाचाचा प्रकार) जुन्या जुळवणीत वाजवून बघा. सूर येतील, घुमारा येणार नाही.

सहावी_तार: मी गिटारवाला, मधे तोंड घालतो. टॅब्लेचरमध्ये, म्हणजे ल्यूटच्या लिपीत, अक्षर म्हणजे पडदा: ‘ए’ म्हणजे उघडी तार, ‘बी’ पहिला पडदा. कधी छेडायचं ते कळतं. किती वेळ धरून ठेवायचं ते बहुतेक वेळा वादकावरच. म्हणून कागदावर जे तुटक दिसतं, ते कानाला दोन-तीन धारांसारखं ऐकू येतं. या शैलीचं ‘ब्रिझे’, म्हणजे मोडलेलं, हे नावही त्या वादकांचं नव्हे, नंतरच्या अभ्यासकांचं.

कोमल_ऋषभ: आणि तालाच्या खुणा नसलेले प्रेल्यूड, म्हणजे नाचांआधी वाजवायचे सुरुवातीचे तुकडे? ती आलापीच की!

खुंटीपिळ्या: नको हो. आलापीत राग उलगडतो. इथे पुढच्या नाचासाठी हात मोकळा होतो, तारा लागल्यात का ते तपासलं जातं. लय सैल आहे एवढंच साम्य.

माझा मूळ मुद्दा राहिला. १६५२ मध्ये ब्लांक्रोशे हा ल्यूटवादक जिन्यावरून पडून गेला. त्याच्या स्मरणार्थ फ्रोबेर्गर आणि लुई कूपरँ या संगीतकारांनी हार्प्सिकॉर्डसाठी (पियानोआधीचं पट्ट्यांचं वाद्य) रचना केल्या. त्यातही स्वर असेच सुटे सुटे पडतात. हार्प्सिकॉर्डवर कुठे डी मायनर जुळवणी होती?

मंद्रसप्तक: नव्हती. म्हणूनच त्यांना बोटांनी ल्यूटची नक्कल करावी लागली. नकलेवरून मूळ कसं जन्मलं ते कळत नाही. दनी गोतिए आणि द्यूफो या ल्यूटवादकांनीही त्याच ब्लांक्रोशेसाठी ल्यूटवर रचना केल्या आहेत. त्या आधी ऐका, मग भांडू.

खुंटीपिळ्या: द्यूफोची ऐकलीय. रविवारी परत ऐकतो. मत बदलेल असं वाटत नाही.