दोन फेऱ्यांच्या गावाला अंतराचे गणित कशाला?

कापूसवाला, यवतमाळ जिल्हा :
नागपूरच्या एका सद्गृहस्थांनी काल लिहिले की, बसला वेळापत्रकाचे जोखड नको. दोन गाड्यांतील वेळेचे अंतर सारखे राखले की प्रवासी सुखी होतो, आणि ग्रामीण भागानेही हेच करावे. माझ्या गावाला दिवसातून दोन फेऱ्या आहेत, सकाळी सातची आणि सायंकाळी सातची मुक्कामी. अंतर अगदी सारखे आहे, म्हणजे या शास्त्राप्रमाणे आमचे गाव आदर्शच म्हणायचे! गेल्या श्रावणात आईचे डोळे तपासायला निघालो, तर सातची गाडी सातला दहा मिनिटे कमी असतानाच निघून गेलेली होती. म्हातारीला घेऊन फाट्यापर्यंत चार किलोमीटर चिखल तुडवला. आम्हाला अंतर नको, सातची गाडी सातला हवी.

अभियंता, नागपूर :
ते सद्गृहस्थ मीच. माझ्या डोळ्यांसमोर तालुक्याहून जिल्ह्याला जाणारा हमरस्ता होता. एखादी गाडी पाच मिनिटे मागे पडली की पुढच्या थांब्यावर तेवढी माणसे वाढतात, ती चढेपर्यंत गाडी आणखी मागे पडते, आणि मागून येणारीला थांबे रिकामे मिळत गेल्याने ती पुढचीला गाठते. चालकाचा काडीचा दोष नसताना गाड्या जोडीने धावू लागतात, हे नेवेल आणि पॉट्स या वाहतुकीच्या अभ्यासकांनी १९६४ मध्येच गणिताने मांडले. तासाला तीन गाड्या सारख्या अंतराने आल्या तर सरासरी दहा मिनिटे थांबावे लागते. तिन्ही एकदम आल्या तर तीस. गाड्या तेवढ्याच, डिझेलही तेवढेच.

निवृत्त वाहक :
उपाय काय, तर मागची गाडी मधल्या स्थानकावर रोखून धरायची. एकदा वाहतूक नियंत्रकांच्या सांगण्यावरून आम्ही आठ मिनिटे गाडी रोखली, तेव्हा निम्मे प्रवासी आम्हाला शिव्या घालत उतरले आणि समोरच्या काळीपिवळीत जाऊन बसले. शिवाय कटू वाटले तरी सांगतो : १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट झाले आणि बाजाराच्या दिवशी एकेका थांब्यावर पिशव्या-टोपल्यांसह वीस-वीस बाया चढू लागल्या. उशिराचे मूळ तिथे आहे.

रोजची प्रवासी, शिक्षिका :
त्याआधी गाड्या घड्याळ लावून येत होत्या काय? अकरा वर्षे मी याच मार्गाने शाळेत जाते. आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाई पूर्वी पैसे वाचवण्यासाठी आठवड्यातून दोन दिवस पायी येत. आता त्या रोज बसने येतात, आणि तुम्हाला त्यांची टोपली खुपते. माणसे वाढली तर फेऱ्या वाढवाव्यात, माणसांवर खेकसू नये. वेळच मोजायचा असेल तर सुट्ट्या पैशांच्या वादात जाणारा मोजा. तिकिटामागे लिहून दिलेले माझे पाच-पाच रुपये किती वेळा राहून गेले, त्याचा हिशेब कोण देणार?

निवृत्त वाहक :
पहिल्याच थांब्यावर पाचशेच्या चार नोटा पुढे आल्या, तर वाहकाने चिल्लर काय शेतातून तोडून आणावी? लिहून दिलेला एक रुपयाही मी बुडवलेला नाही. सरसकट चोर ठरवू नका.

रोजची प्रवासी, शिक्षिका :
चोर हा शब्द तुमचा आहे. मी उतरून हात पुढे करीपर्यंत दोनदा घंटी वाजलेली असे, एवढेच मी म्हणते.

अभियंता, नागपूर :
आपण दोघेही चढण्या-उतरण्याच्या वेळेवरच भांडत आहात, आणि माझे सगळे गणित त्या वेळेवरच उभे आहे. आभारी आहे.

कापूसवाला, यवतमाळ जिल्हा :
आभार राहू द्या. हमरस्त्यापुरते मान्य करतो, कारण मागच्या बाजाराला मीच फाट्यावर पाऊण तास उभा होतो. मग तीन गाड्या एकामागे एक आल्या, मी पहिलीच्या दारात लोंबकळलो आणि तिसरी रिकामी गेली. पण आडबाजूच्या गावच्या फेरीला एकच नियम लावा : उशीर झाला तर झाला, वेळेआधी मात्र गाडी हलता कामा नये. लवकर पोचली तर उभी राहील.

निवृत्त वाहक :
उन्हाळ्यात उभ्या गाडीची भट्टी होते, असे लिहिणार होतो. परंतु सकाळी सातला तीही सबब चालत नाही. ठीक आहे, थांबवू. येताना पाचशेची नोट तेवढी आणू नका.