नुसता लाजाळूपणा नसतो हो
सोशल अँग्झायटी, म्हणजे लोकांसमोर बोलायची-वावरायची भीती, हा नुसता लाजाळूपणाच, चारचौघांत मिसळलं की जातो, असं कोणीतरी लिहिलंय. आमच्या घरीही असंच धरून चालले होते. पण शेअर रिक्षात 'इथे थांबवा' एवढं म्हणायला आवाज फुटेना म्हणून मी पुढे कोणी उतरेल तिथे उतरून भर उन्हात मागे चालत यायचो, एकदा नाही, वर्षभर, याला लाजाळू म्हणायचं का? लग्नात कप धरला की हात थरथरेल आणि लोक बघतील म्हणून बाहेरचा चहाच सोडला.

डॉक्टर लोक साधारण सहा महिन्यांच्या वर टिकलं आणि रोजच्या कामात आडवं यायला लागलं की त्याला आजार धरतात. खरी गोम टाळण्यात आहे, टाळलं की तेवढ्यापुरतं हायसं वाटतं आणि पुढच्या वेळी भीती अजून घट्ट. सीबीटीत, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या बोलून करायच्या उपचारात, हेच उलटं करतात, पायरीपायरीने. मला पहिला होमवर्क काय तर दुकानात भाव विचारायचा आणि काही न घेता बाहेर यायचं! दुकानदाराने मानही वर केली नाही.

सरकारी टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, नंबर 14416, फुकट आहे, पण फोनचीच धास्ती असलेल्याला हे सांगताना मलाच हसू येतंय, घरच्या कोणीतरी लावून द्या.